हातभरत म्हणजे काय

ता. ६ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. स्वतःच्या तब्येतीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, त्याअर्थी जेवणाची आबाळ चालू असणार. खोलीवर शेगडी आहे ना? मग वापर.

फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोन खाली दुकानात गल्ल्यावर असतो आणि गल्ल्यावर आमचे चिरंजीव असतात. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय टाका फोनवर सांगता येत नाही, काढून दाखवावा लागतो. सून नवरा सोडून गेली आणि सासू तिला पत्रं लिहीत बसली, याची वर माझ्या शेजारी भरायला बसणाऱ्या चष्मेवालीला फार गंमत वाटते. काल मला म्हणाली, "काकू, उलटंच आहे हो तुमचं." मी म्हटलं, तू पानं भर, तोंड मिट.

तुझ्या शिवणशाळेत मुलींसाठी भरतकामाच्या शब्दांचं पुस्तक करायचं ठरलं आणि ते तुझ्या गळ्यात पडलं, हे वाचून मला हसू आवरेना. इथे असताना तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्याइतके कष्ट. वरच्या खोलीत आम्ही सगळ्या बायका अखंड बडबडत असू आणि तू कोपऱ्यात रिंग मांडीवर घेऊन गप्प. आणि आता शब्दांचं पुस्तक! ठीक आहे. विचारलं आहेस तर सांगते.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलं आहेस तेही वाचलं. शाळा कायमची नोकरी देते आहे, राहायला खोली देते आहे, महिनाअखेरपर्यंत कागदावर सही करायची, "आई, करू का?" दोनदा वाचलं. त्याचं उत्तर देते. आधी शब्द.

सगळ्यात आधी तुमच्या मोठ्या बाईंनी प्रस्तावनेत 'आयुष्याची वीण' असं जे लिहिलं आहे, ते खोडायला सांग. वीण विणकामात असते. भरतकामात वीण नसते, टाका असतो. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांनाच आयुष्यात वीण, धागा, टाका असं सगळं दिसत असतं. आम्हाला फक्त मान दुखलेली कळते.

टाका आणि टीप यांत फरक आहे. टाका एकटा असतो. सुई खाली गेली, वर आली, झाला टाका. टीप म्हणजे एकामागे एक घातलेल्या टाक्यांची रांग, मध्ये फट न ठेवता. म्हणून मशीनवर 'टाका मार' असं कुणी म्हणत नाही, 'टीप मार' म्हणतात. हाताने तशी रांग घालायची तर सुई प्रत्येक वेळी एक पाऊल मागे न्यावी लागते, ती उलटी टीप. धावदोऱ्यात सुई मागे वळत नाही, पुढेच जाते, आणि टाक्याटाक्यात फट राहते. धावदोरा सैल आणि लांब घातला तर तो कच्चा टाका. तो काम झाल्यावर ओढून काढायचा असतो. मुलींना हे नीट सांग, नाहीतर त्या कच्च्या टाक्याला गाठ मारून ठेवतात आणि मग कात्री शोधत हिंडतात.

कापड शिवतात आणि कापड भरतात. रुमाल शिवला म्हणजे कडा दुमडून पक्क्या केल्या. रुमाल भरला म्हणजे त्याच्यावर फुलं आली. भरतकाम 'करतात', कशिदा मात्र 'काढतात'. आणि टाके चुकले तर तेही काढतात. इथे नवशिक्या हमखास घसरतात. चष्मेवाली नवीन होती तेव्हा मी तिला म्हटलं, "ते कोपऱ्यातलं वाकडं पान काढ." तर तिने मन लावून त्याच्या शेजारी आणखी एक वाकडं पान काढलं. म्हणून आपल्या खोलीत चुकलेल्या टाक्यांसाठी 'काढ' नाही, 'उसव' म्हणायचं असं मी ठरवून टाकलं. शिवण उसवतात हे खरं, भरत उसवणं हे कानाला जरा खटकतं, पण पान वाया जात नाही.

दोऱ्याच्या लडीला पदर असतात. सहापदरी दोरा घ्यायचा आणि हवे तेवढे पदर वेगळे करायचे. देठाला दोन, भरीव फुलाला तीन. 'धागे वेगळे कर' असं लिहू नकोस. धागा कापडाचा, पदर दोऱ्याचा.

आणि नेढं. हा शब्द पुस्तकात घालच. हल्ली ज्याला त्याला 'सुईचं भोक' म्हणायची सवय लागली आहे. भोक चाळणीला असतं. सुईला नेढं. तू सकाळी आल्या आल्या माझ्या सगळ्या सुया ओवून त्या निळ्या उशीत खोचून ठेवायचीस. आता ते काम चष्मेवाली करते. दोरा फार लांब घेते, मग तो गुंततो. पण ओवते बिचारी, कुरकुर करत नाही.

साखळी टाका, गहू टाका आणि काजाचा टाका मागच्या पानावर काढून दाखवले आहेत. गहू टाका जरा वेडावाकडा आला आहे, पेन नीट चालत नव्हतं.

तुझ्या यादीत 'हातभरत' हा शब्दही आहे. तो पुढच्या खेपेला.

चिरंजीवांनी पाकीट बघितलं. "तिचं का?" म्हणाले. हो म्हटलं. "काय लिहिते?" म्हटलं, टाके. मग जरा वेळ गल्ल्यावरची पट्टी इकडची तिकडे केली आणि म्हणाला, "घरी ये म्हणावं. लेबलं काढून टाकतो म्हणावं." जसं बोलला तसं लिहिलं आहे, माझ्या पदरचं काही नाही.

कागद संपला. तुझ्या त्या प्रश्नाचं राहिलंच.

जेवत जा.

तुझी,
आई


ता. १३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद. तू लगेच उत्तर पाठवलंस, बरं वाटलं. मोठ्या बाईंनी 'वीण' काढून 'गुंफण' घातलं, हे वाचून मी कपाळाला हात लावला. असू दे. प्रस्तावना कोण वाचतं.

तू विचारतेस की रिंग काढल्यावर कापडावर जी गोल खूण राहते तिला काय म्हणायचं. आपण वळ म्हणतो. मारलेल्याचा उठतो तसा वळ. दुसरा शब्द मला माहीत नाही. तू पुस्तकात हेही लिही की संध्याकाळी उठताना रिंग काढून ठेवायचीच, मग काम कितीही अर्धं असो. कापड दिवसभर ताणलेलं असतं. रात्रभर तसंच राहिलं तर वळ उठतो, आठवडाभर राहिलं तर तो धुऊनही जात नाही. मी या एका गोष्टीवरून किती जणींना रडवलं आहे ते तुला माहीत आहे.

आता एक सांगते, हसू नकोस. तुझा टेबलक्लॉथ, तो वेलीचा, अजून रिंगमध्येच आहे. तू गेलीस त्या दिवशी जसा होता तसा, खिडकीशी. झाडणाऱ्या बाईला मी हात लावू देत नाही. सगळ्या जणी बघतात आणि एकही बोलत नाही. वळ उठला असेलच. उठला असेल कसला, उठलाच आहे, मला दिसतो. काढायला गेले की वाटतं, उद्या काढू.

तो दुसऱ्या कुणाला पुरा करायला देता येत नाही हे तुला सांगायला नकोच. पण तुझ्या मुलींसाठी 'हात' हा शब्द समजावून देते. प्रत्येकीची दोरा ओढायची ओढ वेगळी असते. तुझी ओढ हलकी, टाका कापडावर नुसता टेकतो. माझी घट्ट. चष्मेवालीची तिच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल त्यावर. म्हणून आपल्याकडे एका नगाला एकच हात. अर्ध्यात हात बदलला की वेल तिथून वेगळी दिसते, न कळणाऱ्यालाही काहीतरी खुपतं. बदलायचाच तर मागचं सगळं उसवून जिथे फूल संपतं तिथपर्यंत जायचं आणि मग नवीन हाताने सुरुवात करायची. तुझी वेल मी उसवणार नाही.

आता बातमी. गॉगलवाल्या बाई आल्या होत्या. नवीन आहेत, तू बघितलेल्या नाहीस. मोठं दुकान उघडताहेत, चादरी, अभ्रे, पडदे, सगळं हातभरताचं हवं. गॉगल डोक्यावर चढवला आणि प्रत्येक नग उलटा करून बघितला. समोरची बाजू नंतर. मला बाई आवडली. तुझे जुने दोन उशीचे अभ्रे बघून म्हणाली, "मला हा हात हवा." हात म्हणाली! मी चिरंजीवांकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. तू बोलत नाहीस आणि मला सुरुवात करायला जमलं नाही. पण हातभरत हा शब्द तू विचारलास तर तो दिवस येणारच. ती शिक्षिका टेबलक्लॉथ घ्यायला आली होती, लेबलावर 'हातभरत' लिहिलेलं, आणि तू तो तिच्यासमोर उलटा केलास. "हे मशीनचं आहे बाई. खालचा दोरा बघा, सगळीकडे पांढरा एकच. हाताचा असता तर उलटीकडेही रंग दिसले असते." इतकंच बोललीस, आवाजही चढवला नाहीस. आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला कुणी विचारलं? तू मालकीण आहेस का इथली?" मी वरून जिना उतरून आले आणि म्हटलं की ती खरं तेच बोलली. तर मला म्हणाला, "आई, तू वर जा." ती शिक्षिका पिशवी न घेताच निघून गेली. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. मी तुला अडवलं नाही, कारण तुझ्या जागी मीही थांबले नसते.

पण आता तो जरा बदलल्यासारखा वाटतो, हे लिहिलं पाहिजे. फळीवरच्या मशीनच्या मालाची लेबलं त्याने खरंच काढली, मी स्वतः उलटून बघितलं. दुपारी वर येऊन बसतो. परवा माझ्यासाठी भिंग लावलेला दिवा घेऊन आला. असा दिवा की टाका पावलाएवढा दिसतो. "आई, डोळ्यांना त्रास नको," म्हणाला. असं तो पूर्वी कधी बोलला होता? ताटावर बसला की तुझ्या जागेकडे बघतो आणि मग भाजीत मीठ नाही म्हणतो. मीठ असतं.

तेव्हा सहीची घाई करू नकोस. महिना संपायला वेळ आहे. थोडं थांब.

तुझी,
आई

मागच्या पानावर भरीव टाका काढला आहे. पहिला टाका पाकळीच्या मधोमध घालायचा, टोकाला नाही, हे त्यांना दोनदा सांग.


ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, घरी सर्व कुशल असून तुझी आठवण नेहमी निघते. झाले गेले विसरून तू घरी परत यावेस अशी सर्वांची इच्छा आहे. यापुढे दुकानात चुकीचे लेबल लागणार नाही. हातकामाचा सर्व विभाग तुझ्याकडे सोपवण्याचे ठरले आहे. नवीन मोठे काम आले असून त्यात तुझी गरज आहे. तरी तिकडच्या कागदपत्रांवर सही करू नये.

तुझ्याशिवाय घर ओकंबोकं वाटतं.

येत्या रविवारी आम्ही दोघे तुला न्यायला येत आहोत. सामान आवरून ठेवावे.

तुझी सासू


ता. २१ फेब्रुवारी

बारके,

मागचं पत्र वाचून तू चाट पडली असशील. 'पत्र लिहिण्यास कारण की' मी जन्मात लिहिलेलं नाही. तो शेजारी खुर्ची ओढून बसला होता. तो सांगत होता, मी लिहीत होते. मग त्याने वाचलं आणि स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलं. त्यात एकच वाक्य माझं होतं, ओकंबोकं वाटतं हे. तेव्हा तो चहा सांगायला उठला होता.

हे पत्र चष्मेवालीच्या हाती टाकायला देते आहे. तिला म्हटलं, आज आधी हे, मग घरी. उद्या नाहीतर परवा मिळेल, म्हणजे रविवारच्या आधी. आता नीट सगळं सांगते.

ते पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, तो वर आला. बायका जेवायला गेल्या होत्या. हातात दोन कप चहा. मला वाटलं, तुझ्याबद्दल काही बोलायचं असेल. बसला आणि म्हणाला, "आई, तुला शब्द चांगले सुचतात."

मी म्हटलं, कसले शब्द?

"लेबलासाठी. गॉगलवाल्या बाईंच्या मालाला. 'हातभरत' नको, त्यावरून परत कटकट. पण वाचणाऱ्याला हाताचं वाटलं पाहिजे. खोटं नको, आई. खोटं मी म्हणतच नाही. असा शब्द, की कुणी विचारलं तर आपण म्हणू शकू, आम्ही कुठे हाताचं म्हटलं होतं?"

त्याने कागद आणला होता. 'परंपरागत कशिदा'. 'घरंदाज नक्षी'. 'सुईची कला'. मला म्हणतो, यातलं कुठलं बरं? मशीनलाही सुई असतेच ना, म्हणून 'सुईची कला' त्याला फार आवडलं होतं.

मी म्हटलं, "पण माल हाताचाच द्यायचाय ना? बाई उलटा करून बघतात."

"नमुने हाताचे. ते तिने करायचे, बाईंना तिचाच हात हवाय. एकदा नमुने पास झाले की माल मशीनवर. खालचा दोरा रंगीत लावायचा, उलटीकडूनही कळणार नाही. मशीनवाल्याशी बोललोय मी."

"आणि बारकी दुकानात कुणाला बोलली तर?"

"ती खाली कशाला येईल? ती वर बसेल ना तुझ्याबरोबर. तुलाही सोबत."

किती व्यवस्थित विचार केला होता बघ. प्रत्येकाची जागा ठरलेली. मी चहा बाजूला ठेवला आणि त्याला सरळ विचारलं, "तुला ती हवी आहे की तिचे नमुने?"

त्याला प्रश्नच कळला नाही गं. म्हणाला, "एकच ना ते?"

बारके, तो दुष्ट नाही. आई म्हणून पदराखाली घालते आहे असं समजू नकोस. त्याने कुणावर हात उचलला नाही, व्यसन नाही, दिवा आणला तोही मनापासून आणला. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं, मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण यात चुकतं काय, हेच त्याला दिसत नाही. त्याला खरंच वाटतं की त्याने लेबलं काढली, आता तुझी तक्रार मिटली. तू तिथे कशासाठी उभी राहिली होतीस, हे त्याला आजही माहीत नाही. आणि मी एवढी वर्षं त्याला वाढवलं, मला हे समजावता येत नाही. काल मी जेवले नाही. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

शब्द मागितला होता, तर मी दिला. म्हटलं, लिहून घे, 'मशीनभरत'. "आई, तू पण ना," म्हणाला आणि दोन्ही कप घेऊन खाली गेला.

आता तुझ्या यादीतला शेवटचा शब्द. हे असंच्या असं उतरवून घे. हातभरत: माणसाने हातात सुई धरून एकेक टाका घालून भरलेलं काम. नक्षी छापलेली चालेल, दोरा विकतचा चालेल, कापड गिरणीचं चालेल. टाका हाताचा हवा. मशीनवर भरलेल्या कामाला हा शब्द वापरू नये. 'वापरू नये' हे जाड अक्षरात छापायला सांग. मोठ्या बाईंना कठोर वाटलं तर म्हणावं, प्रस्तावनेत तुम्ही हवी तेवढी गुंफण करा, अर्थांच्या पानावर मला बोलू द्या.

आणि आता तुझा प्रश्न. मी पहिल्या पत्रात कागद संपला म्हटलं. संपला नव्हता. दुसऱ्यात थांब म्हटलं, कारण मलाच तू परत यायला हवी होतीस. त्याच्यात बदल दिसतोय का म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि दिव्याएवढा बदल दिसल्यावर तेवढ्यावर भाळले.

सही कर.

ते पुस्तक कर, त्या मुलींना शिकव, खोली घे, शेगडीवर काहीतरी शिजवून खा. इथे आलीस तर तुझा हात तो नमुन्यांना वापरेल आणि तुझं तोंड वरच्या खोलीत बंद ठेवेल. आधीच तू कमी बोलतेस. जे एकदा बोललीस ते इतकं खरं होतं, की ते मला वाया जाऊ द्यायचं नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही, ती तो रविवारी सांगेल, म्हणून मीच सांगते. मला नेढं दिसत नाही. उजव्या डोळ्याने तर आता टाकाही धुरकट दिसतो. गहू टाका वेडावाकडा आला तो पेनामुळे नाही. तो म्हणेल, "आईचे डोळे गेले, तू नाहीस तर खोली बंद पडेल." मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले काढता येतो, मीच टाळत होते, सुईला घाबरत नाही पण डोळ्याजवळ कुणी काही आणलं की हातपाय गार पडतात. पुढच्या महिन्यात काढून घेते. चष्मेवाली बरोबर येणार आहे. तुझ्या येण्याने मोतीबिंदू विरघळत नाही, तेव्हा त्या कारणाने येऊ नकोस.

खोलीचं मी बघेन. मशीनच्या मालावर काय लिहायचं ते त्याचं दुकान, त्याने ठरवावं. पण वरच्या खोलीतून जो नग खाली जाईल त्याच्या कोपऱ्यात जिने भरला तिची खूण आम्ही दोऱ्यानेच काढून पाठवणार आहोत, आजपासून. चष्मेवालीने स्वतःसाठी चष्मा काढला आहे. बरा जमला आहे. गॉगलवाल्या बाईंनाही मी सांगणार आहे, मशीनवर काय होणार आहे ते. त्या काम काढून घेतील. घेऊ देत.

आता रविवार. आम्ही येणार आहोत, ते टळत नाही. त्याने गाडी ठरवली आहे. मी नाही म्हणू शकले असते, पण मला तुला बघायचं आहे. किती महिने झाले. तू बारीक झालीस की तशीच आहेस, केस बांधतेस का, ते मला बघायचं आहे. म्हणून मी येते.

तो तिथे म्हणेल, "आई, सांग ना हिला." मी सांगायचं नाही असं ठरवलं आहे. इथे बसून ठरवणं सोपं आहे. समोर तू असशील, दार उघडून, "या आई" म्हणशील, आणि माझं सगळं ठरलेलं तिथल्या तिथे विरून जाईल. मी स्वतःला ओळखून आहे. तुला बघितलं की त्याच्याआधी मीच म्हणेन, चल गं घरी.

म्हणून शनिवारीच सही करून टाक. मी काहीही बोलले, रडले, हात धरला, तरी तुला म्हणता आलं पाहिजे, आई, काल झाली सही.

तुझी, आणि त्याच्यामुळे नव्हे,
आई